घडी जमिनीवर, उलगडा आकाशात

आधी एक कोडं सोडवू या. माणसाच्या पाठीवर एक पिशवी बांधलेली आहे. तिच्यात सुमारे २०० चौरस फूट कापड आणि तीनेक मीटर लांबीच्या डझनावारी दोऱ्या आहेत. ही पिशवी घेऊन तो विमानातून उडी मारतो. काही सेकंदांतच त्याचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास जातो. मग पिशवी उघडते. तीन-चार सेकंदांत कापड बाहेर येतं, दोऱ्या सरळ होतात आणि डोक्यावर एक ताठ पंख तयार! इतक्या दोऱ्या, इतका वारा, इतकी घाई, तरी एक दोरी दुसरीत गुंतत नाही. कसं काय?

याचं उत्तर जमिनीवर सापडतं. उडीच्या आधी कुणीतरी चटईवर गुडघे टेकून, एकेक दोरी हातातून सोडत, त्या कापडाची घडी घातलेली असते. आकाशात जे काही घडतं, त्यातलं बरंचसं त्या चटईवरच ठरलेलं असतं. आज आपण ती घडी उलगडून बघू या. त्यातही दोन दोऱ्यांकडे जरा जास्त लक्ष देऊ या, कारण पॅराशूट डावीकडे वळवायचं की उजवीकडे, हे त्या दोघींच्या हातात असतं.

वारा नेईल तिकडे

पहिल्या पॅराशूटांना वळताच येत नव्हतं. २२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिसमधल्या मोंसो बागेवर आंद्रे-जाक गार्नेरॅं नावाचा फ्रेंच माणूस हायड्रोजनच्या फुग्याखाली टोपलीत बसून वर गेला. शेकडो मीटर उंचीवर त्यानं फुग्याची दोरी कापली. टोपलीवरचं रेशमी छत उघडलं, पण टोपली इतकी हेलकावे खायला लागली की बघणाऱ्यांच्या पोटात गोळा आला. छताखाली कोंडलेली हवा कधी या कडेनं, तर कधी त्या कडेनं बाहेर पडत होती. गार्नेरॅं सुखरूप उतरला. पुढे छताच्या मधोमध एक भोक ठेवायला सुरुवात झाली. कोंडलेल्या हवेला वाट मिळाली आणि हेलकावे कमी झाले.

त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षं पॅराशूट म्हणजे मुख्यतः एक गोल छत्रच होतं. ते पडण्याचा वेग कमी करायचं. पण खाली नदी असो, झाड असो की विजेच्या तारा, वारा नेईल तिकडे जावं लागायचं.

हे बदललं एका पतंगवाल्यामुळे. डोमिना जॅल्बर्ट हा कॅनडात जन्मलेला आणि अमेरिकेत फ्लोरिडात काम करणारा माणूस पतंग आणि फुगे बनवायचा. १९६४ मध्ये त्यानं एका नव्या तऱ्हेच्या पंखाच्या पेटंटसाठी अर्ज केला. या पंखात एकही काडी नव्हती. कापडाचे दोन थर, एक वर आणि एक खाली. त्यांच्या मध्ये उभे पडदे शिवून केलेले कप्पे. कप्प्यांची पुढची तोंडं उघडी, मागची कड बंद.

उशीचा रिकामा अभ्रा तोंडाशी धरून वाऱ्यासमोर उभे राहा. तो टम्म फुगतो, कारण हवा आत शिरते आणि तिला मागून बाहेर पडता येत नाही. जॅल्बर्टच्या पंखात नेमकं हेच होतं. हवा पुढून घुसते, कप्पे फुगतात आणि मऊ कापड विमानाच्या पंखासारखा आकार घेतं. आजच्या बहुतेक स्कायडायव्हिंग पॅराशूटांमध्ये सात किंवा नऊ मोठे कप्पे असतात. मधल्या पडद्यांना भोकं असतात. एखाद्या कप्प्यात हवा कमी भरली, तर शेजारचा कप्पा त्या भोकातून त्याला हवा देतो!

असा पंख सरळ खाली येत नाही, तो पुढे जात जात खाली येतो. एक मीटर खाली येताना तो साधारण अडीच-तीन मीटर पुढे सरकतो. म्हणजे हे एक छोटं कापडी विमानच झालं. आणि विमान म्हटलं की ते वळवायची सोय हवीच.

त्या दोन दोऱ्या

पंखाच्या मागच्या कडेला आपण शेपूट म्हणू या. शेपटीच्या डाव्या अर्ध्या भागातून काही बारीक दोऱ्या निघतात, खाली येता येता एकत्र होतात आणि त्यांची एक दोरी बनते. उजव्या भागाचंही तसंच. या दोन दोऱ्या म्हणजे स्टिअरिंग लाइन. माणसाच्या खांद्यांवरून चार मजबूत पट्टे वर गेलेले असतात, त्यांना रायझर म्हणतात. दोन पुढचे, दोन मागचे. मागच्या प्रत्येक रायझरवर एक कडी असते. स्टिअरिंगची दोरी त्या कडीतून ओवून खाली येते आणि तिच्या टोकाला एक मूठ असते. तिचं नाव टॉगल.

आता डावा टॉगल खाली ओढा. शेपटीचा डावा भाग खाली वाकतो. तिथे हवा जास्त अडते, म्हणून पंखाची डावी बाजू मंदावते. उजवी बाजू मात्र आधीच्याच वेगात पुढे जाते. एक बाजू हळू, एक बाजू जलद, म्हणून अख्खा पंख डावीकडे वळतो. उजवा टॉगल ओढला की उजवीकडे. दोन्ही एकदम ओढले की ब्रेक!

उतरतानाची गंमत तर बघाच. पंख साधारण ताशी ३५-४० किलोमीटर वेगानं पुढे चाललेला असतो. जमीन तीन-चार मीटरवर आली की माणूस दोन्ही टॉगल पूर्ण खाली ओढतो. अख्खी शेपूट वाकते. पुढे जाण्याचा वेग खर्च होतो आणि त्याच्या बदल्यात पंख क्षणभर जास्त उचल देतो. खाली येण्याचा वेग जवळजवळ संपतो, पाय टेकतात, दोन-चार पावलं चाललं की झालं. हे नीट जमण्यासाठी दोन्ही दोऱ्या शाबूत हव्यात आणि दोन्हींची लांबी बरोबर हवी.

अर्धा ब्रेक कशासाठी?

पॅराशूट उघडतं तेव्हा शेपूट मोकळी नसते. ती आधीपासूनच अर्धी खाली ओढून ठेवलेली असते. का बरं? शेपूट मोकळी असेल तर पंख फुगता क्षणीच झपकन पुढे झेप घेईल. अर्धा ब्रेक लावलेला असला की तो शांतपणे उघडतो आणि डोक्यावर स्थिर राहतो.

आता शेपूट ओढून धरायची कुणी? उघडताना हात तर तिथे नसतात. म्हणून एक साधी युक्ती केलेली असते. स्टिअरिंगच्या दोरीत ठरावीक जागी एक छोटा डोळा, म्हणजे दोरीतच विणलेलं छिद्र असतं. घडी घालताना दोरी खाली ओढायची, हा डोळा कडीच्या खाली आला की टॉगलचं निमुळतं, कडक टोक त्यात खुपसायचं. आता दोरी वर जाऊ शकत नाही, कारण टॉगल कडीला अडतो. आकाशात पंख उघडला की माणूस टॉगल धरून खाली ओढतो, टोक डोळ्यातून निसटतं आणि शेपूट मोकळी होते.

एक गोष्ट राहिली. डोळ्याच्या खाली दोरीचा एक मोकळा तुकडा उरतो. तो तसाच लोंबता ठेवून चालत नाही. रायझरवर त्यासाठी केलेल्या जागेत तो नीट खोचून ठेवावा लागतो. हा मोकळा तुकडा लक्षात ठेवा, कारण पुढची बरीचशी भानगड तोच करतो.

दोरी रुसली तर?

समजा, डाव्या टॉगलचं टोक डोळ्यात पुरतं बसलेलं नव्हतं. उघडण्याच्या हिसक्यानं ते निसटलं. डावी बाजू मोकळी झाली, उजवी मात्र अजून अर्ध्या ब्रेकमध्येच. पंख कुठे वळेल? विचार करा, मग पुढे वाचा.

उजवीकडे! कारण मंद बाजू उजवी आहे. आणि हे वळण आपोआप थांबत नाही. पंख गरगर फिरायला लागतो आणि फिरता फिरता भराभर खाली येतो. उपाय मात्र सोपा आहे. दोन्ही टॉगल धरायचे आणि खाली ओढायचे. राहिलेला ब्रेकही सुटतो, दोन्ही बाजू सारख्या होतात आणि पंख सरळ उडू लागतो. म्हणूनच शिकाऊंना सांगितलेलं असतं की आधी दोन्ही टॉगल हातात घ्या.

दुसरा प्रकार जास्त त्रासाचा. तो मोकळा तुकडा आठवतोय ना? तो नीट खोचला नसेल, तर उघडताना फडफडतो आणि टॉगलभोवती त्याचा वेढा बसू शकतो. मग माणूस टॉगल ओढतो, पण तो सुटत नाही, आणि जोर लावला की गाठ आणखी घट्ट होते. एक बाजू मोकळी, एक अडकलेली! अशा वेळी मोकळ्या बाजूचा टॉगल तेवढाच खाली धरून पंख सरळ ठेवता येतो का, हे बघायचं असतं. तो सरळ राहिला तर विचार करायला वेळ मिळतो.

तिसरा प्रकार म्हणजे दोरी तुटणं. कडीतून शेकडो वेळा वर-खाली सरकून दोरी तिथेच झिजते. तुटली तर टॉगल ओढूनही काही होत नाही. पण मागचे रायझर आहेत की! त्यांना पंखाच्या मागच्या भागातल्या दोऱ्या जोडलेल्या असतात, त्यामुळे रायझर थोडासा ओढला तरी पंख वळतो. उतरतानाही त्यांच्या मदतीनं वेग कमी करता येतो. मात्र त्यासाठी हात आधी भरपूर उंचीवर सरावानं बसलेला असावा लागतो. पहिला प्रयोग जमिनीजवळ करायचा नसतो.

उष्णतेनं आखडणारी दोरी

आता एक अगदी हळू घडणारा बिघाड. तो एका उडीत दिसतच नाही!

पंख एकदम धाडकन उघडला तर माणसाला जबर हिसका बसेल, इजा होईल. तसं होऊ नये म्हणून दोऱ्यांवर एक छोटं चौकोनी कापड बसवतात, त्याचं नाव स्लायडर. त्याच्या चार कोपऱ्यांना धातूच्या चार कड्या असतात आणि सगळ्या दोऱ्या चार गटांत विभागून त्या कड्यांमधून जातात. घडी घालताना स्लायडर वर, पंखाला चिकटवून ठेवतात. उघडताना खालून येणारी हवा त्याला वरच दाबून धरते आणि फुगणारा पंख त्याला खाली ढकलतो. या ओढाताणीत स्लायडर सावकाश खाली येतो आणि पंख तेवढाच सावकाश उघडतो.

पण कड्या दोऱ्यांवरून घासत खाली येतात. घर्षण झालं की उष्णता आलीच. बऱ्याच पॅराशूटांच्या दोऱ्या स्पेक्ट्रा नावाच्या धाग्याच्या असतात. हा धागा पॉलिथिनचा असतो. त्याचे लांबच लांब रेणू ताणून सरळ केलेले असतात, म्हणून तो वजनाच्या मानानं प्रचंड मजबूत असतो. पण तो सुमारे १५० अंश सेल्सिअसला वितळतो. नायलॉनला मात्र २५० अंशांच्या पुढे जावं लागतं. घर्षणाच्या उष्णतेनं स्पेक्ट्रा वितळला नाही, तरी त्याचे ताणलेले रेणू थोडे थोडे आकसतात. दोरी आखूड होते.

सगळ्या दोऱ्या सारख्याच आखडल्या असत्या, तर फारसं बिघडलं नसतं. पण कड्यांना जास्त घासणाऱ्या बाहेरच्या दोऱ्या आणि स्टिअरिंगच्या दोऱ्या जास्त आखडतात. मग काय होतं? टॉगल पूर्ण वर असले तरी शेपूट किंचित खाली ओढलेलीच राहते. ब्रेक कधी पूर्ण सुटतच नाही. पंख नीट उडत नाही, कधी हिसके देतो, आणि उतरताना हवी तेवढी उचल मिळत नाही. म्हणून दोऱ्यांची लांबी अधूनमधून मोजावी लागते आणि काहीशे उड्यांनंतर सगळा संच बदलावा लागतो. डोळ्यांना धडधाकट दिसणारी दोरीसुद्धा फुटपट्टीला चुकवू शकत नाही.

तीन प्रश्न

पॅराशूट उघडलं की माणूस लगेच मान वर करतो आणि स्वतःला तीन प्रश्न विचारतो. पंख आहे का? चौकोनी, पूर्ण फुगलेला आहे का? वळवता येतो का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नुसतं बघून मिळत नाही. दोन्ही ब्रेक सोडायचे, डावीकडे वळून बघायचं, उजवीकडे वळून बघायचं, दोन्ही टॉगल पूर्ण ओढून बघायचे. सगळं ठीक असेल तरच हा पंख उतरण्याजोगा.

ही परीक्षा उंचावरच का घ्यायची? कारण उंची म्हणजे वेळ. पंखाविना माणूस १,००० फूट साडेपाच सेकंदांत पार करतो. चांगल्या पंखाखाली तेवढ्याच अंतराला सुमारे एक मिनिट लागतं. गरगर फिरणाऱ्या पंखाखाली हा वेळ झरझर कमी होतो. म्हणून एक उंची आधीच ठरलेली असते. अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेनं शिकाऊंसाठी ती २,५०० फूट सांगितली आहे. तिथपर्यंत पंख ताब्यात आला नाही, तर त्याच्याशी झटापट बंद आणि दुसरं, राखीव पॅराशूट सुरू. ‘अजून एकदा ओढून बघतो’ असं म्हणायची मुभा नाही.

त्यासाठी आधी बिघडलेला पंख सोडून द्यावा लागतो, नाहीतर दोन पॅराशूट एकमेकांत गुंततील. माणूस लटकलेला असताना, पट्ट्यांवर प्रचंड ताण असताना, एका हातानं ते सुटावेत कसे? १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या बिल बूथनं यावर तीन कड्यांची युक्ती काढली. मोठ्या कडीतून मधली, मधल्या कडीतून लहान ओवलेली. प्रत्येक कडी तरफेचं काम करते आणि ताण कमी करून पुढच्या कडीला देते. शेवटी एका बारीक दोरीच्या फाशावर अगदी थोडा ताण उरतो आणि तो फास एका केबलनं अडवलेला असतो. मूठ ओढून केबल खेचली की फास सुटतो, कड्या एकामागून एक उलटतात आणि पंख उडून जातो. मग दुसरी मूठ ओढली की राखीव पॅराशूट उघडतं.

‘पण माणसाला मूठ ओढताच आली नाही तर?’ असं तुम्ही विचाराल. त्यासाठी १९९१ पासून सायप्रेस नावाचं जर्मन यंत्र मिळतं. ते हवेच्या दाबावरून उंची आणि वेग मोजत राहतं. नेहमीच्या प्रकारात, सुमारे २२५ मीटर उंचीवरही माणूस सेकंदाला ३५ मीटरपेक्षा जास्त वेगानं पडत असेल, तर एक छोटं पातं राखीव पॅराशूटचा फास कापतं आणि ते उघडतं. या यंत्रानं कितीतरी जीव वाचवले आहेत. पण इथे एक बारकावा आहे. स्टिअरिंग अडकून पंख फिरत असेल, तर खाली येण्याचा वेग त्या आकड्याहून कमी असू शकतो. यंत्राला वाटतं, सगळं ठीक आहे! म्हणून ते तीन प्रश्न माणसानंच विचारायचे असतात.

आधी आत ते शेवटी बाहेर

आता चटईवर बसू या आणि घडी बघू या. तिचा मोठा नियम असा, की जे आधी आत जातं ते शेवटी बाहेर येतं. म्हणजे पॅकिंग करणारा माणूस आकाशातली गोष्ट उलट्या क्रमानं रचत असतो.

तो आधी सगळं पसरतो. खांद्याच्या पट्ट्यांपासून पंखापर्यंत दोऱ्या हातातून सोडत जातो. पीळ नाही, वेढा नाही, झीज नाही. मग ब्रेक लावतो. डोळा कडीखाली, टॉगलचं टोक पुरतं आत, मोकळा तुकडा खोचलेला. डावीकडे, उजवीकडे, दोन्हीकडे तेच. यातलं एकही काम चुकलं, तर वर पाहिलेल्या बिघाडांपैकी एखादा आकाशात वाट बघत असतो.

मग पंख खांद्यावर टाकून तो कप्पे एकेक करून मोकळे करतो. दोऱ्या सगळ्या मधोमध आणि कापड त्यांच्या बाहेर, असं व्हायला हवं. स्लायडर वर, थेट पंखापर्यंत. शेपूट सगळ्याभोवती लपेटून गुंडाळी करायची आणि तिच्यावर अंग टेकून आतली हवा काढून टाकायची. मऊ, निसरडं कापड हातातून सारखं सुटायला बघतं, पण घाई करायची नाही. मग नागमोडी घड्या घालून ते एका आतल्या पिशवीत जातं.

दोऱ्या या पिशवीवर रबरबँडमध्ये नागमोडी अडकवतात. एकेक फेरा, एकेक रबर. रबर सैल झालं असेल तर दोऱ्या एकदम सुटतात, फार घट्ट असेल तर सुटायला अडतात. म्हणून जीर्ण रबर लगेच बदलायचं. एवढं मोठं साहस आणि त्याचा भार दोन-पाच रुपयांच्या रबरावरसुद्धा!

शेवटी पिशवी पाठीवरच्या कप्प्यात जाते. कप्प्याची झाकणं एका फाशानं बंद होतात, फाशात एक पिन बसते, आणि पिनेला जोडलेल्या पट्टीच्या दुसऱ्या टोकाला छोटं पायलट शूट असतं. आता उलटा चित्रपट बघा. माणूस पायलट शूट हवेत सोडतो. ते वाऱ्यात फुगतं, पट्टी ताणली जाते, पिन निघते, झाकणं उघडतात, आतली पिशवी वर जाते, रबरबँडमधून दोऱ्या एकेक फेऱ्यानं सुटतात, सगळ्या ताणल्या गेल्या की पंख पिशवीतून बाहेर येतो, स्लायडर खाली सरकतो, आणि पंख उघडतो. आपल्या कोड्याचं उत्तर मिळालं ना?

राखीव पॅराशूटची घडी कुणीही घालू शकत नाही. अमेरिकेत ते काम सरकारी परवाना असलेल्या रिगरचं. दर १८० दिवसांनी तो ते उघडतो, तपासतो, पुन्हा घडी घालतो, तारीख नोंदवतो आणि स्वतःच्या खुणेचं शिशाचं सील लावतो. वापरलं नसलं तरीही!

आणि मग तपासणी. पिशवी पाठीवर घेण्याआधी, विमानात चढण्याआधी आणि उडीच्या आधी, अशी तीन वेळा. स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही, म्हणून मागची पिन सोबती बघतो. नायलॉनला सूर्यातली अतिनील किरणं कमकुवत करतात, म्हणून पॅराशूट उन्हात पसरून ठेवायचं नाही. वाळू आणि चिखलापासूनही जपायचं.

दोन धाडसी बायका आणि एक नऊवारी

घडी घालून पिशवीत भरलेल्या पॅराशूटचा इतिहासही भारी आहे. सुरुवातीच्या काळात पॅराशूट बहुधा फुग्याला बाहेरून लटकवलेलं असे. जर्मनीच्या केटे पाउलुस यांनी ते घडी करून पिशवीत बसवलं. त्या स्वतः फुग्यावरून उड्या मारायच्या, आणि पहिल्या महायुद्धात त्यांनी टेहळणी फुग्यांवरच्या जर्मन सैनिकांसाठी हजारो पॅराशूट तयार केली.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. टायनी ब्रॉडविकनं १९०८ मध्ये, १५ वर्षांची असताना फुग्यावरून पहिली उडी मारली. १९१४ मध्ये ती सॅन डिएगोला सैन्याला पॅराशूट दाखवत होती. पॅराशूट उघडणारी दोरी विमानाला बांधलेली असायची. एका उडीत ती दोरी विमानाच्या शेपटीत अडकली. टायनी डगमगली नाही. पुढच्या वेळी तिनं दोरी कापून आखूड केली, विमानाला बांधलीच नाही, आणि पडता पडता स्वतःच्या हातानं ओढून पॅराशूट उघडलं. माणूस आधी मोकळा पडू शकतो आणि मग हातानं पॅराशूट उघडू शकतो, हे तिनं दाखवून दिलं.

आणि आपल्या पुण्याच्या शीतल महाजन! १८ एप्रिल २००४ रोजी त्यांनी उत्तर ध्रुवावर उडी मारली, आणि ती त्यांच्या आयुष्यातली पहिलीच पॅराशूट उडी होती. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये थायलंडमध्ये त्यांनी चक्क नऊवारी साडी नेसून उडी मारली. आठ मीटरहून लांब साडी, तिच्यावर पॅराशूटचे पट्टे. आता तुम्हीच सांगा, अशा वेळी साडीचं एकही टोक सुटं राहून का चालत नाही? बरोबर! सुटं कापड मुठींवर येऊ शकतं, दोऱ्यांत अडकू शकतं.

क्रमानं उघडण्याची हीच विद्या अंतराळातून परतणाऱ्या यानालाही लागते. भारताच्या गगनयानात अंतराळवीरांच्या कुपीसाठी दहा पॅराशूट आहेत. आधी दोन पॅराशूट झाकण दूर नेतात, मग दोन कुपी स्थिर करून वेग कमी करतात, मग तीन छोटी पॅराशूट तीन मोठ्यांना बाहेर ओढतात. तीन मोठ्यांपैकी दोन उघडली तरी कुपी सुखरूप उतरू शकते. ही पॅराशूट आग्र्याच्या डीआरडीओच्या संस्थेत विकसित झाली आहेत.

करून पाहा

सुरुवातीलाच एक पक्का नियम: छत्री, चादर किंवा घरी केलेलं काहीही घेऊन कुठूनही उडी मारायची नाही. खऱ्या पॅराशूटला उघडायलाच शेकडो फूट उंची लागते आणि छत्रीचं कापड माणसाचं वजन पेलण्याइतकं मोठं नसतं. आपण उडवणार आहोत खोडरबर!

एक पातळ रुमाल घ्या. चारही कोपऱ्यांना सारख्या लांबीचे, साधारण ४० सेंटिमीटरचे दोरे बांधा. खालची चारही टोकं एकत्र करून त्यांना खोडरबर बांधा. मोकळ्या मैदानात जा आणि तीन प्रकारे घडी घालून ते वर फेका. पहिला प्रकार, सगळं चुरगाळून गोळा करा. दुसरा, रुमालाची घडी घालून दोरे तिच्याभोवती घट्ट गुंडाळा. तिसरा, चारही दोरे मधोमध एकत्र धरा, रुमाल बाहेर सारखा करून लांबट दुमडा आणि दोरे वर नागमोडी ठेवा. प्रत्येक प्रकार दहा वेळा करा आणि वहीत तक्ता करा: किती वेळा उघडलं, किती वेळा गुंतलं.

मग एका कोपऱ्याचा दोरा चार सेंटिमीटर आखूड करा आणि पुन्हा सोडा. रुमाल आता सरळ खाली येतो का? कुठल्या बाजूला सरकतो? आखूड दोऱ्याच्या बाजूला की उलट बाजूला? हवा कुठून निसटत असेल? रुमाल तोच, खोडरबर तेच, हातही तुमचेच. मग निकाल एवढे वेगळे कशामुळे आले, ते तक्ता बघून चार ओळींत लिहा आणि आपल्या विज्ञानाच्या बाईंना किंवा सरांना दाखवा.